हवामानाचे साधन आणि एजंटसाठी त्याचे वर्णन

प्रश्न : हवामान पाहण्याचे साधन जोडूनही एआय एजंट कधी ते वापरत नाही, तर कधी भलत्याच गावाचा अंदाज देतो. साधनाचे वर्णन कसे लिहावे?

उत्तर : एजंट, म्हणजे बाह्य प्रणालींकडे स्वतः विनंती पाठवू शकणारे भाषा-प्रारूप, साधनाचा आतला कोड सहसा पाहत नाही, त्याच्यासमोर नाव, वर्णन आणि प्राचले, म्हणजे भरावयाची मूल्ये, एवढेच असते. त्यामुळे ‘हवामान मिळवते’ हे वर्णन जवळजवळ निरुपयोगी होय.

समजा, साधन ओपन-मिटिओ ही हवामान-सेवा वापरते; तिचा अंदाज अक्षांश-रेखांशावरून मिळतो. साधन गावाचे नाव स्वीकारणार असेल, तर राज्यही मागावे, कारण औरंगाबाद बिहारमध्येही आहे आणि महाराष्ट्रातील त्याच नावाचे शहर आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. अंदाज कमाल १६ दिवसांचा असतो आणि तापमान सेल्सिअसमध्ये येते, हेही नमूद करावे.

सर्वाधिक दुर्लक्षित राहते ती वेळ. वेळक्षेत्र न दिल्यास ही सेवा ग्रीनिच वेळ गृहीत धरते, त्यामुळे ‘उद्याचा पाऊस’ भारतात पहाटे ५.३० पासून दुसऱ्या पहाटे ५.३० पर्यंतचा ठरतो; भारतीय हवामान विभागाची दैनिक पर्जन्यनोंद मात्र सकाळी ८.३० ला संपणाऱ्या २४ तासांची असते, तेव्हा दोन्ही आकडे जुळत नाहीत म्हणून बिचाऱ्या प्रारूपाला दोष देणे व्यर्थ आहे.

गाव न सापडल्यास काय परत येते, तेही लिहावे. अन्यथा रिकाम्या उत्तराचा अर्थ ‘पाऊस नाही’ असा लावला जाण्याचा धोका राहतो.