घरची भाषा आणि पाटीवरची भाषा

गोमंतकातील एखाद्या जुन्या हिंदू घराचे चित्र डोळ्यांपुढे आणा. तिन्हीसांजेची वेळ आहे. देवापुढे समई तेवत आहे. आजी नातवंडांना हाका मारते ती कोकणीतून. हातपाय धुऊन येण्यास सांगते तेही कोकणीतून. मुले देवापुढे बसली की आरती मात्र मराठीत म्हटली जाते. मग आजोबा पोथी उघडतात, तीही मराठीच. एखाद्या ओवीचा अर्थ न कळल्यास नातू कोकणीत विचारतो आणि आजोबा कोकणीतच सांगतात. एकाच माजघरात या दोन भाषा शेजारी शेजारी नांदत, आणि त्यांत काही विपरीत आहे असे कोणास वाटत नसे.

ही रीत फार जुनी आहे. फादर स्टीफन्स हे इंग्रज धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यास आले. त्यांनी मराठीत ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली सासष्टीतील रायतूर येथे छापले गेले. याच पंडिताने कोकणीचे व्याकरणही लिहिले. त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, ते प्रसिद्ध झाले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने हुकूम काढून देशी भाषेचा वापर बंद करण्याचा घाट घातला. हुकूम कागदावर राहिला आणि भाषा चुलीपाशी जगली.

मग तंटा उत्पन्न झाला कशावरून? बोलण्यावरून नव्हे, तर लिहिण्यावरून आणि शिकण्यावरून. कोकणी ही मराठीची एक बोली आहे, असे अनेक विद्वान म्हणत. शणै गोंयबाब या नावाने ओळखले जाणारे वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर (१८७७–१९४६) यांना हे मान्य नव्हते. कोकणी ही स्वतंत्र भाषा आहे, असे ते ठासून सांगत आणि कोकणीतच कथा, नाटके व निबंध लिहीत. परंतु वाचणार कोण? हिंदू मुले अक्षरे गिरवीत ती मराठीची. १९१० नंतर गावकऱ्यांनी पदरमोड करून, कोठे देवळात तर कोठे एखाद्याच्या ओसरीवर, मराठी शाळा चालविल्या होत्या. ख्रिस्ती घरांत कोकणी वाचली जाई, पण ती रोमन लिपीत. अशा रीतीने एकाच भाषेचे वाचक एकमेकांचे पुस्तक वाचू शकत नव्हते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपली आणि गावोगावी सरकारी मराठी शाळा निघाल्या. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत घेण्यात आले. ३४,०२१ मतांच्या अधिक्याने लोकांनी वेगळे राहण्याचा कौल दिला. मौज अशी की, विलीनीकरणाविरुद्ध लढणारे आणि कोकणीचा कैवार घेणारे 'राष्ट्रमत' हे दैनिक मराठीतच निघत असे. ज्यांची मने वळवावयाची होती त्यांना वर्तमानपत्र वाचण्याची सवय मराठीची होती!

त्यानंतर १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीस स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. १९८७ च्या कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणी गोव्याची राजभाषा झाली आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापरासही वाव ठेवला गेला. मात्र त्यापूर्वीच्या आंदोलनात काही माणसांचे प्राण गेले, हे विसरता येत नाही. १९९२ मध्ये कोकणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. बा. भ. बोरकरांसारखा कवी दोन्ही भाषांत लिहीत राहिला. दोहोंपैकी एकीवरच प्रेम करावे, हे त्याच्या लेखणीने कधी मानलेच नाही.

शाळांचा प्रश्न मात्र मिटला नाही. १९९० च्या सुमारास प्रादेशिक भाषेतून शिकविणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे ठरले, तेव्हा चर्चच्या अनेक इंग्रजी शाळा कोकणी झाल्या. २०११ मध्ये इंग्रजी शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि कोकणीवादी व मराठीवादी प्रथमच खांद्याला खांदा लावून उभे राहिले. तोपर्यंत पुष्कळ पालक इंग्रजीच्या वाटेला लागले होते.

या खटपटीत मुलाच्या मनाचे काय होते, ते मला एका वहीने शिकविले. गोव्याच्या सीमेलगतच्या एका मराठी शाळेत मी शिक्षक होतो. एका गोमंतकीय मुलाने निबंधात लिहिले, 'आमच्या बावडीचे उदक गोड आहे.' मी तांबड्या शाईने 'उदक' खोडून 'पाणी' आणि 'बावडी' खोडून 'विहीर' असे लिहिले. मुलगा काही बोलला नाही; पण त्याचे पुढचे निबंध आखूड होत गेले. काही वर्षांनी ज्ञानेश्वरी वाचीत असता 'उदक' हा शब्द समोर आला आणि मी थबकलो. सातशे वर्षांपूर्वी ज्ञानदेवांनी जो शब्द वापरला, तोच त्या मुलाच्या घरी रोज घागरीतून येत होता, आणि मी त्यास चूक ठरविले होते. दुसऱ्या दिवशी शाळेच्या कपाटातील जुन्या वह्या मी चाळून पाहिल्या. त्याची वही त्यांत नव्हती. तो केव्हाच शाळा सोडून गेला होता.