गावच्या शाळेचे जनरल रजिस्टर

प्राथमिक शाळेचा इतिहास म्हटला की स्थापनेचे वर्ष, इमारतीला देणगी देणाऱ्यांची नावे आणि झेंडावंदनास येऊन गेलेले पाहुणे एवढ्यावर बहुधा काम भागविले जाते. कोणतीही शतकमहोत्सवी स्मरणिका चाळावी, हेच आढळेल. खरा इतिहास मुख्याध्यापकांच्या कपाटात, कापडी बांधणीच्या एका जाड वहीत असतो. तिला जनरल रजिस्टर म्हणतात. माण तालुक्यातील आमच्या गावच्या शाळेचे हे रजिस्टर गेल्या वर्षी गुरुजींच्या परवानगीने मला पाहावयास मिळाले.

मी सध्या राहते त्या सदाशिव पेठेत शिक्षणाच्या इतिहासाला तोटा नाही. विश्रामबाग वाड्यात १८२१ साली इंग्रज सरकारने संस्कृत पाठशाळा काढली. कुमठेकर रस्त्यावर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आहे. खेड्यातल्या गुरुजींच्या प्रशिक्षणाची सूत्रे तेथून हलतात. जवळच १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. जुन्या कागदाला किती जपावे लागते, हे त्या वास्तूत गेल्यावर कळते. आमच्या शाळेच्या रजिस्टराला मात्र कसर लागली आहे.

खेड्यापर्यंत सरकारी शाळा पोहोचावयास फार वेळ लागला. १८६३ च्या सुमारास शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला व त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी ठरला. पैसा कुणब्याचा, शाळा मात्र त्याच्या गावी नाही, असा प्रकार राहिला. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन केले, त्याचा रोख हाच होता. किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, आणि शिक्षकाला बारा रुपयांहून कमी पगार नसावा, असे त्यांनी सांगितले. शिक्षकाच्या पगाराचा आकडा त्यांनी मांडला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा हुकूम काढला. मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने शाळा स्थानिक मंडळांकडे आल्या. १९३८ नंतर व्हॉलंटरी शाळांची योजना निघाली आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने सातारा जिल्ह्यात अशा शाळा शेकड्यांनी काढल्या. आमची शाळा त्याच काळातली. पहिली काही वर्षे ती मारुतीच्या देवळात भरे. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, तेव्हा ती परिषदेची झाली.

आता रजिस्टराकडे वळू. यात अनुक्रमांक, नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, असे रकाने असतात. जन्मतारखेच्या रकान्यात निम्म्याहून अधिक मुले १ जूनला जन्मली आहेत! आईबापांना तारीख ठाऊक नसे. "दुष्काळाच्या आधल्या सालचा" एवढे सांगितले की गुरुजी शाळेच्या सोयीची तारीख घालीत. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो. ही चूक म्हणून हसण्यावारी नेऊ नये. त्या माणसांचे वय सरकारदप्तरी पहिल्यांदा ठरले ते शाळेत.

सर्वांत बोलका रकाना शेवटचा: शाळा सोडल्याचे कारण. "सतत गैरहजर", "घरकाम", "मेंढरांमागे", "परगावी गेला". १९७२-७३ ची दोन पाने जवळजवळ एकाच कारणाने भरली आहेत: "पालक दुष्काळी कामावर". मुले खडीच्या ढिगाशेजारी बसून सुकडी खात होती, असे घरी ऐकले होते. येथे त्यांचे अनुक्रमांक सापडले. आणखी एक गोष्ट पाने उलटताना ध्यानात येते. मुलांची नावे चौथीपर्यंत टिकतात, मुलींची दुसरी-तिसरीतच तुटतात. माझ्या आजीचे माहेर गावातलेच. १९६१ साली ती दाखल झाली, १९६४ साली तिसरीतून नाव कमी, कारण "घरकाम". तिच्या खालच्या ओळीतला मुलगा चौथी पास होऊन तालुक्याला गेला. मी आजीला हे वाचून दाखविले. ती म्हणाली, "लिवलंय व्हय त्यांनी? मला वाटलं, कुनाला ठावंबी नसंल."

एरवी या वहीकडे कोणी फिरकत नसे. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि राज्यभर शाळांची जुनी रजिस्टरे बाहेर निघाली. आमच्याकडेही लोक आले, जातीचा रकाना पाहिला, फोटो काढले व गेले. शेवटचा रकाना कोणी पाहिला नाही.

त्याच वर्षी वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा कराव्यात, अशी सरकारची सूचना निघाली. पुणे जिल्ह्यात पानशेतचे उदाहरण यासाठी दिले जाते. एका गुरुजींनी चार वर्ग सांभाळण्यापेक्षा ते बरे, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. परंतु सहा वर्षांच्या मुलीला परगावच्या शाळेत रोज पाठवावयाचे की नाही, हे आमच्याकडे अजूनही घरातले लोकच ठरवितात, आणि "घरकाम" हे कारण पुन्हा लिहावयास वेळ लागणार नाही. आमच्या शाळेचा पट चौदा आहे. त्यात नऊ मुली.

रजिस्टराची पहिली अकरा पाने मोडीत आहेत. ती वाचण्यासाठी मी मोडी शिकावयास घेतली आहे. बाकीच्या पानांवरील शेवटचा रकाना १९८० पर्यंत उतरवून झाला आहे.