आठ कलांचा फरक

निरभ्र रात्री आकाशाकडे पाहणाऱ्याला दोन गोष्टी उघड दिसतात. पायांखालची पृथ्वी स्थिर आहे आणि डोक्यावरचे नक्षत्रमंडळ पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरत आहे. जे डोळ्यांना दिसते तेच मानवाने हजारो वर्षे सत्य मानले, यात नवल नाही. परंतु त्या ताऱ्यांच्या मेळाव्यात पाच तेजस्वी गोल असे होते, की ते इतरांची शिस्त पाळीत नसत. त्यांतही मंगळ मोठा हट्टी. काही महिने तो नक्षत्रांमधून पूर्वेकडे सरकतो, मग थबकतो, काही आठवडे उलट चालतो आणि पुन्हा आपली वाट धरतो. ह्या वक्री गतीचा उलगडा करता करताच मानवाची विश्वाविषयीची समजूत पालटत गेली.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे राहणाऱ्या टॉलेमीने पृथ्वीला मध्यभागी ठेवले आणि मोठ्या वर्तुळावर फिरणाऱ्या लहान वर्तुळांची कल्पना करून ग्रहांच्या गती समजावून दिल्या. ही रचना गुंतागुंतीची होती. तथापि तिच्या साहाय्याने ग्रहांची स्थाने बऱ्यापैकी वर्तविता येत, म्हणून ती सुमारे चौदाशे वर्षे टिकली. भारतात आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे प्रतिपादन केले. नावेतून पुढे जाणाऱ्याला तीरावरील स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, असा दृष्टान्त त्याने दिला. पुढील अनेक पंडितांना मात्र हे मत रुचले नाही.

पोलंडमधील कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने सूर्याला मध्यभागी बसविले आणि पृथ्वीला इतर ग्रहांच्या रांगेत नेऊन ठेवले. त्यामुळे मंगळाच्या वक्री गतीचे कोडे उकलले. वेगाने धावणारी गाडी संथ गाडीला मागे टाकते, तेव्हा ती संथ गाडी उलट जात असल्याचा भास होतो. पृथ्वी मंगळाला मागे टाकते तेव्हा हेच घडते. परंतु एक जुना समज कोपर्निकसलाही सोडवला नाही. वर्तुळ ही सर्वांत निर्दोष आकृती, म्हणून आकाशस्थ गोलांची गती वर्तुळाकारच असली पाहिजे, असे सर्व विद्वान मानीत. कोणी तशी परीक्षा करून पाहिली नव्हती.

ती परीक्षा होण्यास दोन भिन्न प्रकृतींच्या माणसांची गाठ पडावी लागली. पहिला डेन्मार्कचा टायको ब्राहे. तो श्रीमंत, मानी आणि तापट होता. व्हेन नावाच्या बेटावर त्याने वेधशाळा उभारली आणि सुमारे वीस वर्षे रात्री जागून ग्रहताऱ्यांचे वेध घेतले. दुर्बीण तेव्हा अस्तित्वात नव्हती. भिंतीवर बसविलेल्या पितळेच्या प्रचंड कोनमापकासारखी उपकरणे आणि स्वतःचे डोळे, एवढीच त्याची साधने. पण त्यांच्या बळावर त्याने टिपलेली स्थाने पूर्वीच्या कोणाही ज्योतिर्विदापेक्षा कितीतरी अचूक होती.

दुसरा जर्मनीतील योहानेस केप्लर. तो गरीब घरात जन्मला. बालपणी देवी येऊन त्याची दृष्टी अधू झाली होती. आकाशाचे सूक्ष्म वेध घेणे त्याच्या नशिबी नव्हते. पण त्याची गणितातील बुद्धी विलक्षण होती. ग्राट्‌झ येथे तो शिक्षक होता. धर्मांतर करण्यास नकार दिल्यामुळे १६०० मध्ये त्याला ते शहर सोडावे लागले आणि त्याच वर्षी तो प्रागजवळ टायकोकडे काम करू लागला. टायकोने त्याच्याकडे मंगळाची कक्षा ठरविण्याचे काम सोपविले. हे काम आठ दिवसांत पुरे करीन, अशी पैज केप्लरने उत्साहाच्या भरात मारली.

१६०१ मध्ये टायको मरण पावला. आपले जीवन व्यर्थ गेले असे होऊ नये, ही तळमळ त्याने अखेरच्या रात्री पुनःपुन्हा बोलून दाखविली. त्याच्या वेधांचा वारसा केप्लरच्या हाती आला. केप्लरने मंगळासाठी एक वर्तुळ कल्पिले आणि त्याचे माप वेधांशी जुळवू लागला. गणितयंत्रे नव्हती, प्रत्येक आकडेमोड हाताने करावी लागे. ते लांबलचक गणित त्याने निदान सत्तर वेळा पुन्हा पुन्हा केले. अखेरीस निवडलेल्या चार वेधांशी त्याचे वर्तुळ उत्तम जुळले. श्रमांचे सार्थक झाले, असे त्याला वाटले असल्यास नवल नाही.

नंतर त्याने टायकोचे आणखी काही वेध घेऊन पडताळा पाहिला. तेव्हा गणिताने आलेले मंगळाचे स्थान आणि प्रत्यक्ष दिसलेले स्थान यांत आठ कलांचा फरक पडला. संपूर्ण वर्तुळाचे ३६० अंश होतात आणि एका अंशाच्या साठ कला. आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या रुंदीचा जेमतेम पाव हिस्सा! टॉलेमीच्या काळच्या वेधांतच दहा कलांपर्यंत चूक असे. त्यामुळे पूर्वीच्या ज्योतिर्विदांना असा फरक जाणवलाही नसता. केप्लरने तो लपविला असता, तरी त्याला जाब विचारणारा कोणी नव्हता.

परंतु टायकोच्या हातून आठ कलांची चूक होणार नाही, हे केप्लर जाणून होता. गणिताने काढलेले ग्रहस्थान आणि डोळ्यांना दिसणारे ग्रहस्थान यांचा मेळ बसणे, याला आपल्याकडील ज्योतिषशास्त्रात दृक्प्रत्यय म्हणतात. तो येत नसेल, तर दोष आकाशाचा नव्हे, गणिताचा. केप्लरने आपले सारे गणित बाजूला सारले आणि तो नव्याने कामास लागला. त्याने वर्तुळ सोडून अंडाकृती घेऊन पाहिली, तीही जुळेना. शेवटी १६०५ मध्ये उत्तर हाती आले. मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार होती आणि सूर्य तिच्या मध्यावर नसून एका नाभीशी होता. आठ दिवसांच्या पैजेला जवळजवळ पाच वर्षे लागली होती.

हे लंबवर्तुळ वर्तुळापासून किती वेगळे आहे? मंगळाची कक्षा फळ्यावर एक मीटर लांबीची काढली, तर तिची रुंदी लांबीपेक्षा केवळ चार-साडेचार मिलिमीटरने कमी भरेल. एवढ्याशा भेदाने दोन हजार वर्षांचा समज ढासळला. १६०९ मध्ये केप्लरने हा शोध ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आणि त्या आठ कलांनीच नव्या ज्योतिषशास्त्राचा मार्ग दाखविला, हे त्यात मोकळेपणाने मान्य केले. गंमत अशी, की टायको स्वतः पृथ्वी स्थिर मानणारा होता. त्याच्याच वेधांनी ते मत खोटे ठरविण्यास मदत केली. तरीही त्याचे जीवन व्यर्थ गेले, असे आज कोण म्हणेल?

केप्लरच्या गणितानुसार ७ नोव्हेंबर १६३१ रोजी बुध सूर्यबिंबावरून जाणार होता. त्या दिवशी पॅरिसमध्ये गॅसेंदीने सूर्यबिंबावरील तो लहानसा काळा ठिपका पाहिला. ते पाहण्यास केप्लर मात्र उरला नव्हता. वर्षभरापूर्वीच त्याचे निधन झाले होते.

पुढे १६८७ मध्ये न्यूटनने गुरुत्वाकर्षणाच्या नियमावरून ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षांचे कारण सांगितले. १७८१ मध्ये सापडलेला युरेनस गणितापासून किंचित ढळू लागला, तेव्हा त्या लहानशा फरकावरून १८४६ मध्ये नेपच्यूनचा शोध लागला. बुधाच्या गतीतही शंभर वर्षांत त्रेचाळीस विकलांचा, म्हणजे एका कलेहूनही कमी फरक उरत होता. याही वेळी एखादा अज्ञात ग्रह असावा, म्हणून पुष्कळ शोध झाला. पण ग्रह सापडला नाही. अखेर १९१५ मध्ये आइनस्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि त्या विकलांचा हिशेब लागला. न्यूटनचा नियमही अंतिम नव्हता, हे तेव्हा जगाला कळले.

विश्वाविषयीचे आजचे ज्ञानही उद्या कोठेतरी अपुरे पडेल. तसे घडेल तेव्हा तो फरक बहुधा फार लहान असेल, आणि ज्याने त्यासाठी वर्षानुवर्षे श्रम केले आहेत, त्यालाच तो प्रथम दिसेल. त्या क्षणी आपल्या श्रमांचा मोह सोडून सत्याची बाजू घेणे, हे केप्लरने साधले. म्हणून आजही त्याचे नाव आदराने घेतले जाते.

स्वाध्याय

१. मंगळाची वक्री गती कोपर्निकसने कशी स्पष्ट केली?
२. टायको आणि केप्लर यांना एकमेकांची गरज का होती?
३. ‘दोष आकाशाचा नव्हे, गणिताचा’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. युरेनसच्या आणि बुधाच्या गतीतील फरकांची उत्तरे कोणत्या दोन निराळ्या प्रकारांनी मिळाली?
५. स्वतःची चूक ध्यानी येऊन पुन्हा आरंभापासून काम करावे लागल्याचा तुमचा एखादा अनुभव दहा ओळींत लिहा.