पानगळ बघायची तर फाल्गुनात या

माझा भाचा दोन वर्षं अमेरिकेत, बोस्टनला होता. परत आल्यावर दिवाळीच्या सुट्टीत चामोर्शीला आला आणि पहिल्याच दिवशी म्हणाला, "मावशी, तुमच्याकडे एवढं जंगल आहे, तर पानांचे रंग दाखव ना." तिकडच्या लाल-केशरी मेपलचे फोटो त्याच्या फोनमध्ये भरलेले होते. आम्ही घोटच्या रस्त्याने निघालो. दोन्ही बाजूंना हिरवंगार, दाट, पावसाचं पाणी पिऊन माजलेलं रान. एक पिवळं पान दिसेना. त्याचा पडलेला चेहरा बघून मला माझं इथलं पहिलं वर्ष आठवलं. सांगलीकडून बदली होऊन आले, तेव्हा मीही ऑक्टोबरात असंच रान धुंडाळलं होतं. त्याला बावीस वर्षं झाली. या वर्षांत रानाने आणि रानातल्या बायांनी जे शिकवलं, ते त्याच्यासाठी वहीत लिहून काढलं. तेच इथे देते आहे.

१. आधी पंचांग बदला

थंड देशांत दिवस लहान झाला, गारठा पडला की झाड पान सोडतं. आपल्याकडच्या झाडाला थंडीपेक्षा तहानेची धास्ती जास्त. पावसाळा संपल्यावर जमिनीतली ओल हळूहळू खाली जाते, वारा कोरडा होतो, आणि हजारो पानांवाटे उडून जाणारं पाणी झाडाला परवडेनासं होतं. मग देठाच्या बुडाशी एक बारीक थर धरतो, पानाचा रसपुरवठा तुटतो, हिरवं द्रव्य मोडतं आणि इतके दिवस त्याखाली झाकलेला पिवळा रंग वर येतो. काही झाडांत लाल रंग त्याच सुमारास नव्याने तयार होतो. म्हणून आमच्या गडचिरोली-चंद्रपूरच्या रानाची पानगळ पौषात सुरू होते, माघ-फाल्गुनात भरात येते आणि चैत्रात संपते. शरद ऋतूत इथे शोधाल तर हिरवंच सापडेल.

२. झाडांचा क्रम पाठ करा

सगळं रान एकदम रंगत नाही. मोईन सर्वांत उतावीळ, संक्रांतीच्या आतच पिवळी होऊन मोकळी. मग सालई. माघात धावडा तांबूस होतो. उन्हं कलल्यावर धावड्याचा उतार बघा, तांब्याची भांडी घासून उपडी घातल्यासारखा दिसतो. लेंडियाची पानं विटकरी लाल होतात. बेहडा आपली मोठी पानं एकेक करून टाकतो. ऐन मागे रेंगाळतो, आणि तोवर पळसाने अंगावरचं बहुतेक सगळं उतरवून फुलं पेटवलेली असतात. दर पंधरवड्याला त्याच रस्त्याने गेलात तर दरवेळी वेगळंच रान भेटतं. एकाच फेरीत सगळं बघून घेऊ म्हणणाऱ्याच्या हाती एखादाच रंग लागतो.

३. गावातूनच सुरुवात करा

शाळांच्या आवारातला देशी बदाम बघायला गाडी लागत नाही. थंडीच्या शेवटी त्याची तळहाताएवढी पानं गडद लाल होतात आणि मुलं ती वहीत ठेवतात. मेपलची हौस इथे भागते. देवळापुढचा पिंपळ त्यानंतर पान टाकतो आणि आठ-दहा दिवसांत गुलाबी-तांबूस पालवीने भरतो.

४. शिवरात्रीला मार्कंडा

चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंड्याला वैनगंगा उत्तरवाहिनी होते. काठावर दगडी मंदिरांचा समूह आहे, कोरीवकाम बघत दिवस जावा असा. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते आणि दोन्ही जिल्ह्यांतून माणसं लोटतात. नेमका तोच पळसाचा हंगाम. पळसाला पाने तीनच, हे ज्याला त्याला पाठ, पण ती तीनही झडलेली असतात तेव्हा पळस कसा दिसतो हे थांबून बघणारे कमी. काळसर, वेडीवाकडी, सुरकुतलेली फांदी आणि तिच्यावर पोपटाच्या चोचीसारखं बाकदार केशरी फूल. गर्दी टाळायची असेल तर जत्रा उठल्यावर चार दिवसांनी जा. फुलं तेव्हाही असतात, आणि नदीचा आवाज ऐकू येतो.

५. प्रत्येक लाल पान म्हातारं नसतं

हा धडा मला माझ्या विद्यार्थिनीने दिला. सहावीतली, रेगडीकडची मुलगी. होळीनंतर आम्ही मुलांना घेऊन दिना धरणावर गेलो होतो. वाटेत नाल्याच्या कडेला एक झाड असं लाल, की सगळी मुलं ओरडली. मी लगेच शिकवायला लागले, "बघा, पान गळायच्या आधी कसा रंग बदलतं..." ती हळूच म्हणाली, "बाई, ते जुनं नाही, नवं हाय. कुसुम हाय थो."

जवळ गेले. खरंच. फांदीच्या टोकाला लोंबती, अंगठ्याएवढी, ओल्या रेशमासारखी मऊ पानं. उन्हासमोर धरलं तर आरपार लाल, शिरा तेवढ्या किंचित फिक्या. नखाने दाबलं की लगेच वळ उठावा इतकं कोवळं. ज्या मार्चमध्ये बाकी रान वाळून खडखडतंय, त्या मार्चमध्ये हे झाड बाळंतपण काढत होतं. कोवळ्या पानातला हा लाल रंग त्याला कडक उन्हापासून सांभाळतो, असं अभ्यासक सांगतात. पंधरा दिवसांनी त्याच झाडाखालून गेलो तर ते साधं हिरवं झालेलं. कुसुमाची ही लाली फार थोडे दिवस टिकते, आणि आमच्या भागातला पानांचा सगळ्यांत सुंदर देखावा माझ्या मते तोच आहे. याच कुसुमावर उत्तम प्रतीची लाख होते. तिला कुसुमी लाखच म्हणतात.

त्या दिवसापासून मी रानात मुलांना शिकवण्याआधी मुलांना विचारते.

६. पहाटे एकट्याने जाऊ नका, आणि काडी ओढू नका

मोहफूल रात्री उमलतं आणि पहाटे टपटप गळतं. चैत्राच्या तोंडाशी तांबडं फुटायच्या आत गावोगावच्या बाया टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचलेल्या असतात. मला ते बघायचं होतं, म्हणून एकदा एकटीच निघाले. पायवाटेवर एक आजी बसल्या होत्या. त्यांनी हात आडवा केला. "फुडं नोका जाऊ जी बाई. पाय हाय." मी खाली बघितलं. मऊ धुळीत वाघाच्या पंजाचा ठसा, कडा अजून ढासळलेल्या नव्हत्या. आम्ही दोघी उजाडेपर्यंत तिथेच थांबलो, बाकीच्या बाया आल्यावर घोळक्याने आत गेलो. गेल्या काही वर्षांत आमच्या जिल्ह्यात वाघ वाढले आहेत आणि सरपणाला, मोहाला गेलेली माणसं जिवाला मुकली आहेत. आपण रंग बघायला जातो, त्यांना पोटासाठी जावं लागतं. निदान त्यांचा शब्द पाळावा. अस्वलालाही मोह आवडतो, हेही लक्षात असू द्या.

त्याच सकाळी आगीचं कळलं. मोहफूल फिकट पिवळं, पाचोळ्यात पडलं की दिसत नाही. म्हणून पूर्वीपासून झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ करायची रीत. तेंदूला चांगलं कोवळं पान फुटावं म्हणूनही रान पेटवलं जातं. एक ठिणगी वाऱ्यावर गेली की डोंगर रात्रभर जळतो. वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतं. त्याआधी जाळरेषा काढतात, हंगामी मजूर ब्लोअरने पाचोळा उडवत फिरतात. तरी दरवर्षी चामोर्शीतून रात्री दूरवर लाल रेघ दिसते, आणि ती बघून मला जेवण जात नाही. जो पाचोळा कुजून पहिल्या पावसात माती होणार, पाणी धरणार, तो राख होऊन नाल्याने वाहून जातो. त्यात साग-बिजाची रोपं जातात, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी जातात.

त्या आजींनी मात्र खराट्याने पाचोळा गोल झाडून ठेवला होता. स्वच्छ, सारवल्यासारखं अंगण. "जाळलं का झाडाले चटका बसते," एवढंच म्हणाल्या. हल्ली काही गावांत झाडाखाली जाळी बांधतात, फूल अलगद वर पडतं, मातीही लागत नाही. पानगळ बघायला येणाऱ्याने काडेपेटी घरी ठेवावी. चहा थर्मासमधून आणावा.

७. सागाचं पान कानाने बघा

फेब्रुवारीत सागवनात चालणं म्हणजे पापडांच्या चळतीवरून चालणं. शंभर पावलांवर चितळ हललं तरी कळतं. पावसाळ्याच्या शेवटी एक बारीक अळी सागाच्या पानाचा गर खाते आणि शिरा सोडून देते. अशी पानं मग जाळीदार होऊन गळतात, एकेक पान म्हणजे विणलेला रुमाल. मुलं ती चिकटवून भेटकार्डं करतात. जूनमध्ये कोवळं पान तळहातावर चोळलं तर हात लाल होतो. भाच्याला ते दाखवायचं राहिलंय.

८. लांब जायचं असेल तर

आष्टीवरून पुढे चपराळा अभयारण्य, १९८६ साली जाहीर झालेलं. जवळच वर्धा आणि वैनगंगा भेटतात आणि पुढे प्राणहिता होते. त्याहून पुढे आलापल्लीजवळ वनवैभव, जेमतेम सहा हेक्टर, पण तिथली सागाची झाडं मान मोडेपर्यंत उंच. २०१४ मध्ये ते जैवविविधता वारसा स्थळ झालं. दोन्ही ठिकाणी आधी वनकार्यालयात विचारून जावं. ताडोबाही आहे, पण तिथे सगळ्यांचे डोळे वाघ शोधत असतात, पानांकडे कोण बघतो?

९. शेवटचं पान मे महिन्यात बघा

भाचा फाल्गुनात पुन्हा आला. कुसुम दाखवला, धावडा दाखवला. खूश झाला. मी म्हटलं, अजून एक पान राहिलंय, त्यासाठी मे महिन्यात ये. आला बिचारा बेचाळीस डिग्रीत.

तेंदूची झुडपं फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटतात, नवं पान तांबूस, लवदार फुटतं आणि मे महिन्यात विडीसाठी तोडायच्या बेताचं होतं. पहाटे चार वाजता घरंच्या घरं रानात जातात. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा आता तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात, आणि या पंधरा दिवसांच्या मजुरीवर कित्येक घरांचं बी-बियाणं, शाळेची पुस्तकं अवलंबून असतात.

संध्याकाळी आम्ही फळीवर, म्हणजे तोडलेली पानं जमा करतात त्या जागी, गेलो. उघड्या माळावर पुड्यांच्या ओळीच ओळी उलट्या-सुलट्या करून वाळत घातलेल्या, सगळीकडे हिरवट, कडसर वास. जवळच्या ओसरीत एक बाई पुडे बांधत होती. सत्तर पानांचा एक पुडा. भाच्याने विचारलं, "मोजता कसं?" ती सुनेशी बोलत होती, बोलणं थांबवलं नाही. पानं एकावर एक बसत गेली, देठ एका बाजूला, आणि एका ठिकाणी हात आपोआप थांबला. तिने सालीची दोरी गुंडाळली आणि पुडा त्याच्याकडे सरकवला. त्याने दोनदा मोजला. सत्तर.