टारफुल्याच्या शास्त्रीय नावांचा बोध

आफ्रिकेत ज्वारी, बाजरी व मका यांच्या मुळांवर जगणाऱ्या वन्य तणास वनस्पतिशास्त्रात ‘स्ट्रायगा’ म्हणतात. महाराष्ट्रातील टारफुला याच वंशातील होय. या लॅटिन शब्दाचा एक अर्थ ‘चेटकीण’ असा आहे. हे तण जमिनीवर दिसण्यापूर्वीच मुळांतून अन्नरस शोषू लागते. त्यामुळे कारण न उमगता पीक खुरटते.

नावातील दुसरा शब्द जात दर्शवितो. ‘हर्मोंथिका’ हे नाव ईजिप्तमधील हर्मोंथिस या प्राचीन नगरावरून पडले. ‘एशियाटिका’ म्हणजे आशियातील; तथापि ही जात आफ्रिकेतही आढळते. यास्तव नावातील स्थळ ही तणाची सीमा समजू नये. ‘जेस्नेरिऑइडिस’ म्हणजे जेस्नेरिया या वनस्पतीसारखी.

पहिल्या दोन जाती तृणधान्यांवर वाढतात. तेथे चवळीचा फेरपालट हितावह ठरतो. तिसरी मात्र पश्चिम आफ्रिकेत चवळीचाच नाश करते. सारांश, जात न ओळखता फेरपालट केल्यास तणाचेच पोषण होण्याचा संभव असतो.

एका झाडापासून हजारो सूक्ष्म बिया पडतात व त्या अनेक वर्षे जमिनीत जिवंत राहतात. म्हणून शेतकरी बंधूंनी टारफुला फुलावर येण्यापूर्वीच उपटावा.