कुत्र्याच्या एन्झाइमचा खरा भाव स्ट्रिपवर छापलेला नसतो

आमचा शेरू जर्मन शेफर्ड. दीड वर्षाचा असताना दोघांचं जेवण एकटा जेवायचा, तरी बरगड्या मोजता यायच्या. शी ढीगभर, फिकट पिवळी आणि इतकी तुपकट की पाणी मारलं तरी अंगणातली फरशी निसरडी राहायची. तो स्वतःचीच शी खायला लागला, तेव्हा घरात त्याला खादाड म्हणणं थांबलं. तोवर तीन महिने आम्ही मेडिकलमधून माणसांचं पाचक सिरप आणून पाजत होतो. एक दिवस भिंग लावून बाटलीमागची अक्षरं वाचली. डायस्टेज आणि पेप्सिन, बस. पहिलं पिठूळ अन्न फोडतं, दुसरं प्रथिनं. चरबी फोडणारं लायपेज त्यात नव्हतंच, आणि शेरूची मुख्य अडचण तीच होती. ते सगळे पैसे पाण्यात गेले.

या आजाराला डॉक्टर ईपीआय म्हणतात. स्वादुपिंड पाचकरस पुरेसा बनवत नाही, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही. शेफर्डमध्ये तो वंशानं येतो, त्यामुळे अशा कुत्र्याची पैदास करू नये. औषध जन्मभराचं असतं. म्हणूनच पहिल्या महिन्याच्या बिलापेक्षा पुढच्या दहा वर्षांचा हिशेब आधी मांडावा.

सुरुवात मात्र स्वस्तातल्या तपासणीनं करा. आपल्याकडे कुत्रा वाळण्याची साधी कारणं पोटातले जंत आणि गोचीडताप. आपल्या छत्रपती संभाजीनगरात खडकेश्वरच्या जिल्हा पशुसर्वचिकित्सालयात केसपेपरचे पैसे नाममात्र लागतात. तिथे शी आणि रक्त तपासून घ्या. त्यातून काही निघालं नाही, तरच महागड्या चाचणीकडे वळा. ती चाचणी म्हणजे टीएलआय. कुत्र्याला 8 ते 12 तास उपाशी ठेवून रक्त घेतात. आकडा लिटरला 2.5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी आला की निदान पक्कं. माणसांच्या लॅबमधली टीएलआय कुत्र्याला चालत नाही, ती प्राण्यागणिक वेगळी असते. नमुना कुठल्या लॅबला जातो, हे पैसे भरायच्या आधी विचारा. 'अमायलेज-लायपेज करून बघू' किंवा 'सोनोग्राफी काढू' असं कुणी म्हटलं तर थोडं थांबा. ईपीआयचं निदान त्या दोन्हींवरून होत नाही. शहरात गाडी अडलीच, तर परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय जालन्याच्या पुढे, त्याच रेल्वेमार्गावर आहे.

आता औषध. त्याचं नाव पॅनक्रिएटिन, आणि ते बहुधा डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतं. कुणाच्या घरात यावर अडचण असेल तर ते आधीच बोलून घ्यावं, डबा फोडल्यावर नको. ते दोन रूपांत मिळतं. एक, कुत्र्यांसाठीची मोकळी पावडर, जी बाहेरून मागवावी लागते. दुसरं, माणसांसाठीच्या कॅप्सूल. क्रेऑनचं नाव कुठल्याही मोठ्या मेडिकलवाल्याला माहीत असतं. घाटी रुग्णालयाच्या आसपास विचारा, आणि दोन-तीन दुकानांत भाव करायला लाजू नका. जनऔषधी केंद्रातही चौकशी करा. 22 सप्टेंबर 2025 पासून औषधांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला आहे, तेव्हा जुनी एमआरपी छापलेली स्ट्रिप हातात आली तर बिल नीट बघा.

भाव कॅप्सूलला किती, हा प्रश्नच चुकीचा. हजार युनिट लायपेजला किती रुपये पडतात, ते काढा. क्रेऑनच्या नावापुढचे 10000 किंवा 25000 हे लायपेजचेच युनिट असतात. बाहेरच्या डब्यांवर यूएसपी लिहिलेलं असतं. लायपेजपुरतं ते आणि आपल्याकडचं युनिट जवळपास सारखंच. प्रथिनांच्या युनिटचं तसं नाही, म्हणून त्यांची तुलना करायला जाऊ नका. आता समजा (भाव केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत) 25000 ची कॅप्सूल 50 रुपयांना आहे: हजाराला 2 रुपये. 10000 ची 28 रुपयांना मिळत असेल, तर हजाराला 2 रुपये 80 पैसे. दिसायला स्वस्त असलेली महाग निघाली! पावडरीच्या एका चमच्यात, म्हणजे 2.8 ग्रॅममध्ये, साधारण 71,400 युनिट असतात. 227 ग्रॅमच्या डब्यात असे 81 चमचे. कुरियर आणि कस्टम धरून डबा 8,000 ला पडला, तर हजाराला 1 रुपया 40 पैशांच्या आत. कुरियरचे पैसे न धरता पावडर स्वस्त म्हणणारे माझ्या ओळखीचे पुष्कळ आहेत.

पुस्तकी सुरुवात दर जेवणाला 10 किलो वजनामागे एक चमचा. 30 किलोच्या शेफर्डला दोन वेळचे मिळून सहा चमचे, म्हणजे डबा तेरा दिवसांत संपला. आकडा ऐकून पोटात गोळा येतो, मलाही आला होता. पण हा डोस कायमचा नसतो. शी आठवडाभरात घट्ट होऊ लागते, वजन वाढू लागतं, मग डॉक्टरांना विचारून पाव-पाव चमचा कमी करत जायचं. बऱ्याच कुत्र्यांचं निम्म्यावर भागतं. खरी बचत इथे आहे, दुकान बदलण्यात नाही. हिरड्यांतून रक्त आलं किंवा तोंडात फोड आले, तर डोस जास्त होतोय असं समजा आणि डॉक्टरांना फोन करा.

कॅप्सूल उघडून आतले दाणे जेवणात मिसळायचे. त्यांच्यावर आम्लात न विरघळणारं कवच असतं, म्हणून ते पावडरीपुढे फिके पडतात असं जुने डॉक्टर सांगत. अलीकडच्या अभ्यासात दोन्हींत मोठा फरक दिसला नाही. अख्ख्या कवचवाल्या गोळीच्या वाटेला मात्र जाऊ नका, ती कुत्र्याच्या पोटातून तशीच पुढे सरकते. जेवण कोमट हवं, वाफाळतं नको. गरम भातात एन्झाइम मरतं. आणि आपल्या शहरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हे कुरियरवाल्याला ठाऊक नसतं. दोन दिवस टेम्पोत तापलेला डबा मागवण्यापेक्षा फेब्रुवारीतच पुढचा साठा करा आणि गार, कोरड्या जागी ठेवा. पावडर चमच्यानं घेताना तोंडावर रुमाल बांधा, शिंका थांबत नाहीत.

तिसरा मार्ग खाटकाकडचा. कच्चं स्वादुपिंड 30 ते 90 ग्रॅम घेतलं की एक चमचा पावडरीचं काम होतं. 'स्वादुपिंड द्या' म्हटल्यावर समोरचा नुसता बघत राहील. उर्दूत त्याला लबलबा म्हणतात, मोबाईलवर फोटोही दाखवा. बोकडाचं लहानसं, फिकट गुलाबी, चरबीत दडलेलं असतं. घाईत तिल्ली बांधून देतात. ती गडद लाल असते, परत करा. महाराष्ट्रात 2015 पासून गाय-बैलांच्या कत्तलीवर बंदी असल्यानं मोठ्या जनावराचं म्हणजे म्हशीचंच मिळेल. शिजवलं की उपयोग शून्य, म्हणून कच्चंच, बारीक चिरून, डीप फ्रीझरमध्ये. कच्च्या मांसातून जंत आणि साल्मोनेला येऊ शकतात. जंताचं औषध वेळेवर द्यावं लागतं आणि लहान मुलं असलेल्या घरात हात-भांडी जपावी लागतात. पैसे वाचतात, कष्ट वाढतात. मला स्वतःला हे रोज जमलं नाही. पावडर संपली की मधला आठवडा तेवढा निभावला.

एन्झाइम सुरू असूनही वजन हलत नसेल, तर लगेच डोस वाढवू नका. आधी बी-12 बघा. कुत्र्यात ते शोषायला लागणारा घटक मुख्यतः स्वादुपिंडातूनच येतो, त्यामुळे या आजारात ते बहुधा घसरतं. 20 किलोवरच्या कुत्र्याला रोज 1 मिलिग्रॅम गोळीवाटे देऊन पातळी सुधारल्याचं अभ्यासात आढळलं आहे. सगळ्या यादीत स्वस्त वस्तू हीच. फक्त गोळी निव्वळ बी-12 ची घ्या. आपल्याकडे तिच्यात प्रीगॅबॅलिन मिसळून सर्रास विकतात. साखरविरहित सिरपवर झायलिटॉल लिहिलेलं दिसलं तर बाटली तिथेच ठेवा, कुत्र्याला ते विष आहे. त्यानंतरही अडलं, तर आम्ल कमी करणारी गोळी देऊन पाहायची का, ते डॉक्टर ठरवतील. जादा एन्झाइमपेक्षा ती किती तरी स्वस्त पडते.

खाण्यावर फार उधळू नका. तयार डॉग फूडवर जीएसटी 18 टक्के आहे. मऊ भात आणि बिनहाडाची उकडलेली कोंबडी चालते, पण कायम तेवढ्यावरच ठेवायचं का, ते डॉक्टरांना विचारा. ज्वारी-बाजरीची भाकरी आपल्याकडे कुत्र्याचा हक्क मानतात, पण चोथा जास्त असल्यानं या आजारात ती बाजूला ठेवलेली बरी. दर रविवारी शेरूला उचलून मी वजनकाट्यावर उभा राहतो, मग एकटा. दोन्ही आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो, त्यांच्या शेजारी त्या आठवड्याचे चमचे.