जोडणं सोपं, तोडणं अवघड

सिल्लोडात स्टार्टर, मोटारी आणि अलीकडे सौर पंप दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं गेली. या धंद्याने जे शिकवलं, ते असं :

१. स्विचची खरी परीक्षा बंद करताना. चालू काय, कोणीही करतं. मोटारीच्या वाइंडिंगमध्ये करंट ऊर्जा धरून असतो. तो एकदम तोडला की व्होल्टेज उसळतं आणि कॉन्टॅक्टच्या फटीतली हवाच तापून करंट वाहून नेते. ती निळसर ठिणगी, म्हणजे आर्क, हा प्लाझ्माच.

२. आधी कॉन्टॅक्ट बघा. मिरचीच्या हंगामात दुकानात येणारा स्टार्टर उघडला की चांदीच्या टिकलीवर खड्डे आणि कडेला वितळून गोठलेले मणी दिसतात. पुष्कळ जण कानस मारतात. चांदी निघून जाते, तांबं उघडं पडतं आणि पुढे कॉन्टॅक्ट चिकटतात. मग स्टॉप दाबूनही करंट सुटत नाही आणि मोटार जळू शकते. सेट बदलणं मोटार भरण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

३. एसीचा स्विच डीसीला लावू नका. आपला एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगी विझते. सौर पॅनलचा डीसी शून्यावर येतच नाही. साधा एमसीबी लावला, तर आत आर्क पेटत राहतो आणि डबी वितळते. ‘डीसी’ छापलेला, पॅनलच्या व्होल्टेजला पुरणारा आयसोलेटरच घ्या.

४. ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवरच्या डीओ फ्यूजला हात लावू नका. ११,००० व्होल्टवर फ्यूजची तार वितळली की तिच्या नळीच्या आतल्या थरातून वायू सुटतो, तो आर्क फुंकून टाकतो आणि नळी खाली लोंबते. तिथे बांबूने चाळे करणारे जिवाला मुकतात. लाइनमनची वाट पाहा.

५. आपला शत्रू दुसऱ्याच्या कामाचा असतो. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी प्लाझ्माचाच स्विच केला. निर्वात पोकळीत दोन इलेक्ट्रोडमध्ये प्लाझ्मा सोडायचा, त्यातून लाखो अँपिअर वाहू द्यायचे आणि काही अब्जांश सेकंदांत तो वाट तोडतो. साठलेली ऊर्जा प्रचंड व्होल्टेजने लोडवर जाते. अडचण मात्र ओळखीची : जितका जास्त वेळ करंट वाहू द्यावा, तितकं झटक्यात तोडणं कठीण, आणि दर वेळी तोच निकाल मिळेल याचा भरवसा नाही. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या बीएआरसीत ‘काली’ हे साठवलेली ऊर्जा झटक्यात सोडण्याच्या याच ‘पल्स्ड पॉवर’ विद्येतलं यंत्र, म्हणजे किलो अँपिअर लिनियर इंजेक्टर. त्याचा इलेक्ट्रॉनांचा झोत सेकंदाच्या कोट्यंश भागापुरता टिकतो.

६. स्विच घेताना नुसते अँपिअर वाचू नका. किती करंट वाहील हे सगळेच सांगतात; किती करंट, कोणत्या व्होल्टेजला तोडेल, हे दुकानदाराला विचारा. उत्तर देता आलं नाही, तर दुसरं दुकान गाठा.

रब्बीच्या आधी मेन बंद करून स्टार्टर एकदा उघडा आणि कॉन्टॅक्ट खराब दिसले तर पाणी सोडायच्या आत बदलून घ्या.